मानीव संमती : एका कागदावरची तीन घड्याळे

नागपूरच्या धंतोली किंवा रामदासपेठेत नवे रुग्णालय उघडू पाहणाऱ्या डॉक्टरला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, 'लायसन झालं का?' गंमत अशी की कायद्याच्या पुस्तकात रुग्णालयाला 'लायसन' नावाची वस्तूच नाही. आवारातल्या औषध दुकानाला खराखुरा परवाना लागतो, रुग्णालयाला लागते ती नोंदणी. तिच्या जोडीला प्रदूषण मंडळाची संमती, जैववैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र आणि अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र. बोलताना आपण चारही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण प्रत्येकाची नजर वेगळ्या जागी असते. नोंदणी पाहते जागेकडे आणि ती चालवणाऱ्याकडे. संमती पाहते सांडपाण्याच्या तोंडाकडे आणि जनरेटरच्या धुराकडे. प्राधिकारपत्राचा संबंध पिवळ्या-लाल पिशव्यांशी, तर ना हरकतीचा जिन्याशी आणि गच्चीवरच्या टाकीशी. यातला सगळ्यात गुंतागुंतीचा शब्द संमती, आणि त्यातही 'मानीव संमती', म्हणजे ठरल्या मुदतीत उत्तर आले नाही तर मिळालीच असे समजली जाणारी संमती.

जुन्या काळाचे थोडक्यात सांगून टाकतो. रुग्णालय नोंदणीचा कायदा १९४९ चा आणि तो मुंबईचा. तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते, मुंबईच्या कायद्याशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. अलीकडे राज्याने जुन्या कायद्यांच्या नावांतले 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातले, तेही १ मे १९६० पासून लागू धरून. त्यामुळे आज कागद पाहणाऱ्याला वाटते की सगळे पहिल्यापासून एकसंध होते. तसे ते नव्हते. खुद्द नागपूर महापालिका १९४८ च्या स्वतंत्र कायद्यावर चालत होती. तो रद्द होऊन राज्याचा सामायिक महापालिका कायदा शहराला लागू व्हायला २०१२ उजाडले. नोंदणीचे नियम १९७३ चे.

पर्यावरणाच्या बाजूला महाराष्ट्र आधी जागा झाला होता. राज्याने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा आला १९७४ मध्ये. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाच्या वाटेने जावे लागले : आधी काही राज्यांनी ठराव करायचे, मग संसदेने कायदा करायचा, मग बाकीच्यांनी तो स्वीकारायचा. महाराष्ट्राकडे आपला कायदा होताच, घाई नव्हती. केंद्राचा कायदा इथे १ जून १९८१ पासून लागू झाला. त्याच वर्षी हवा कायदाही आला. या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होते कारखाने, म्हणजे आमच्याकडे हिंगणा. रुग्णालय कोणाच्या गावीही नव्हते.

'संमती' हा शब्द आला तो इथून. ती धंद्याला नाही, सांडपाणी सोडण्याला आहे. नाल्यात घाण सोडणे हे मुळात करू नये असे काम. मंडळ म्हणते, इतकी आणि अशी सोडलीत तर आमची हरकत नाही. १९८८ च्या दुरुस्तीने एक पायरी वाढवली. सांडपाणी सोडण्याआधीच नव्हे, प्रकल्प उभारण्याआधीही संमती हवी. उभारणीची एक आणि चालवण्याची एक, असे दोन कागद झाले ते तेव्हापासून.

रुग्णालये या चौकटीत खऱ्या अर्थाने ओढली गेली २० जुलै १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी. मात्र त्यात एक खिडकी उघडी होती. महिन्याला १००० हून कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना प्राधिकारपत्र लागत नसे. नियम पाळायचे, पण कागद घ्यायचा नाही. १००० चा आकडा कोण मोजणार आणि कोणत्या वहीवरून, हे शेवटपर्यंत ठरले नाही. २८ मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी ती खिडकी बंद केली. खाट असो नसो, सरकारी असो खासगी असो, प्राधिकारपत्र सगळ्यांना. बिनखाटांच्या दवाखान्याला ते एकदाच, खाटांच्या रुग्णालयाला मात्र त्याची मुदत संमतीच्या मुदतीशी बांधलेली. तेव्हापासून एकच सामायिक अर्ज आणि एकच सामायिक कागद ही पद्धत रुळली. कागद एक झाला, कायदे तीनच राहिले : पाण्याचा, हवेचा आणि कचऱ्याचा. गोंधळ इथून सुरू होतो.

जल कायद्याचे कलम २५, पोटकलम ७ वाचा. सर्व दृष्टींनी पूर्ण असलेला अर्ज केल्यापासून चार महिन्यांत मंडळाने होय किंवा नाही म्हटले नाही, तर संमती दिली असे मानले जाईल. 'मानीव' हा शब्द सहकारी गृहसंस्थांमधल्यांना मानीव अभिहस्तांतरणामुळे, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन संस्थेच्या नावे होण्याच्या सोयीमुळे, पाठ झालेला असतो. बांधकाम परवानगीतही तो आहे : नगररचना कायद्यात ६० दिवस उत्तर आले नाही तर परवानगी मानीव. पण जल कायद्यातल्या वाक्यात आणखी एक शब्द आहे, तो सहसा कोणी वाचत नाही : 'विनाशर्त'. मंडळ जी संमती हाताने देते तिला अटींची शेपटी असते. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा बसवा, नमुने तपासा, बँक हमी भरा. ज्याच्या अर्जाकडे मंडळाने ढुंकूनही पाहिले नाही, त्याला मात्र कायदा विनाशर्त संमती देतो. अर्ज वेळेत तपासला गेलेला माणूस अडकतो आणि दुर्लक्षिला गेलेला मोकळा सुटतो, असे हे कलम आहे.

आता हवा कायदा पाहा. कलम २१ मध्ये मंडळाने चार महिन्यांत निर्णय द्यावा असे आहे. नाही दिला तर? काही नाही. मानीव शब्द तिथे नाहीच. तिसरे घड्याळ कचरा नियमांचे : पूर्ण अर्ज आल्यापासून ९० दिवसांत निकाल लागला नाही, तर प्राधिकारपत्र मिळाले असे समजायचे.

समजा पंधरा खाटांचे रुग्णालय आहे. अर्ज जानेवारीच्या पहिल्या दिवशी गेला, उत्तर नाही. एप्रिलच्या सुरुवातीला कचऱ्याचा कागद मानीव झाला. मेच्या सुरुवातीला सांडपाण्याचा झाला, तोही विनाशर्त. जनरेटरचा मात्र कधीच होणार नाही. एकाच अर्जाचे दोन तृतीयांश मंजूर आणि एक तृतीयांश बेकायदा, असा कागद बँकेला किंवा विमा कंपनीला दाखवून पाहा. कारकून चष्मा वर करून विचारेल, 'सही कुठे आहे?' मानीव संमतीला सही नसते, शिक्का नसतो, जावक क्रमांकही नसतो. ती फक्त कायद्याच्या कल्पनेत असते.

प्रत्यक्षात इथवरही कोणी पोहोचत नाही, कारण घड्याळ सुरू होते 'पूर्ण' अर्जापासून. अर्ज अपूर्ण असल्याचे ठरवणार कोण? ज्याने वेळेत उत्तर द्यायचे तोच. मुदत संपता संपता त्रुटीपत्र येते, नकाशाची प्रत अस्पष्ट आहे, आणि काटा पुन्हा शून्यावर. अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा वाटले होते की तारखांची नोंद राहील आणि हा खेळ संपेल. तारखांची नोंद राहिली हे खरे. त्रुटीपत्रही ऑनलाइन झाले.

यावर अधिकाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो पोकळ नाही. मानीव संमतीने बेकायदा गोष्ट कायदेशीर होऊ शकत नाही; नाहीतर जिथे मनुष्यबळ कमी तिथे प्रदूषणाला खुली सूट. नाग नदीच्या काठावरून पाहिले तर 'विनाशर्त' हा शब्द खरोखर भीतिदायक आहे. पण मग तो कायद्यातून काढा. पुस्तकात ठेवायचा आणि व्यवहारात जुमानायचा नाही, यात नदीचेही भले नाही आणि पंधरा खाटांच्या डॉक्टरचेही नाही. मोठ्या रुग्णालयाला फरक पडत नाही. त्याच्याकडे फायलीमागे फिरायला पगारी माणूस असतो.

शेजाऱ्याचा प्रश्न तर कोणत्याच घड्याळात बसत नाही. धंतोलीतल्या जुन्या बंगल्यांची रुग्णालये झाली तेव्हा भिंतीपलीकडच्या कुटुंबाला कोणत्या कलमाखाली विचारले गेले? उत्तर शोधत बसू नका. आक्षेप मागवले जातात ते नियम करताना, रुग्णालयाला मान्यता देताना नव्हे. आणि केंद्राच्या नियमांचा मसुदा राजपत्रात हिंदी-इंग्रजीत येतो. २०१६ च्या नियमांचा मसुदा जून २०१५ मध्ये आला होता, आक्षेपांना ६० दिवस होते. मराठी वाचणाऱ्या शेजाऱ्याला त्याची वार्ता लागली असेल असे वाटत नाही.

प्रवर्गांचेही एक सांगायला हवे. २०१६ मध्येच केंद्रीय पातळीवर उद्योगांना प्रदूषणाच्या प्रमाणावरून नव्याने रंग वाटले गेले. दिवसाला १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटरहून जास्त सांडपाणी किंवा कचरा जाळायची स्वतःची भट्टी असेल तर रुग्णालय लाल, नाहीतर नारिंगी, असे तेव्हा ठरले. संत्रानगरीतल्या लहान रुग्णालयांच्या वाट्याला नारिंगी रंग यावा, हा योगायोगच. स्वतःची भट्टी तशीही आता कोणी लावत नाही, कारण ७५ किलोमीटरच्या आत अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामायिक केंद्र असेल तर स्वतंत्र प्रक्रियेला मनाई आहे. नागपूरचे केंद्र भांडेवाडीला, म्हणजे शहराचा बाकीचा कचरा जिथे जातो तिथेच.

मग आले २०२१. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. त्याच वर्षी ९ एप्रिलला नागपूरला खेटून असलेल्या वाडीत एका खासगी कोविड रुग्णालयाला आग लागली. अग्निप्रतिबंधाचा राज्याचा कायदा २००६ चाच होता. दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुना द्यायचा हेही होते. या दोन आगींनंतर ना हरकत प्रमाणपत्र हे चार कागदांतले सर्वात जड झाले, ते आधी आणल्याशिवाय नोंदणीच्या नूतनीकरणाचे बोलणे निघेना. त्याच जानेवारीत नोंदणी नियमांची मोठी दुरुस्ती आली, पण तिचा विषय वेगळा : रुग्णहक्कांची सनद, दरफलक, तक्रार निवारण. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याचा स्वतःचा मसुदा २०१४ पर्यंत तयार होता, त्याचा कायदा झाला नाही. त्यातले बरेचसे १९४९ च्या कायद्याखाली नियम म्हणून आले असे म्हणायला जागा आहे.

नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, एकूण ३० दिवस. एका अधिवेशनात जमले नाही तर लागोपाठच्या अधिवेशनांत. आमच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस मोजले तर हिशेब सहज कळतो. नागपुरात पटलावर ठेवलेल्या कागदाची मुदत मुंबईत संपते, तोवर नियम लागू होऊन जुना झालेला असतो.

अलीकडची हालचाल उलट्या दिशेची आहे. केंद्राच्या २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या तुरुंगवासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. २०२४ मध्ये जल कायद्यातही तेच झाले. ती दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती, बाकीच्या राज्यांनी पुन्हा त्याच २५२ च्या वाटेने ठराव करून घ्यायची. शिक्षेची कलमे बदलली. कलम २५ मधले चार महिने आणि त्यातला 'विनाशर्त' जिथल्या तिथे आहेत.