टेम्प्लेट पॅरामीटरचे प्रकार-अनुमान

जेनेरिक प्रोग्रॅमिंगमध्ये डेटाचा प्रकार मोकळा ठेवून लिहिलेले फंक्शन (सी प्लस प्लस या भाषेत ‘टेम्प्लेट’) वापरताना प्रोग्रॅमरने तो प्रकार सांगितला नाही, तर कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) दिलेल्या आर्ग्युमेंटांवरून, म्हणजे फंक्शनला पुरवलेल्या मूल्यांवरून, तो स्वतः ठरवतो. या प्रक्रियेला प्रकार-अनुमान म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत संपूर्ण पदावलीतील अटी एकमेकींशी जुळवून प्रकार काढला जातो. सी प्लस प्लसमधील अनुमान त्या मानाने तोकडे आहे. ते फंक्शनच्या त्या एका कॉलपुरते (वापरापुरते) चालते आणि निकाल पुढे कशासाठी वापरला जाणार, याकडे सहसा पाहत नाही.

या अनुमानात प्रकारांच्या रूपांतराला जवळजवळ थारा नाही. ठाणे–वाशी लोकलच्या दोन फेऱ्यांची मिनिटे, समजा २९ आणि २९.५, दोहोंतले मोठे मूल्य देणाऱ्या मॅक्स या फंक्शनला दिली, तर मोकळ्या प्रकाराच्या जागी असलेल्या एकाच ‘टी’ पॅरामीटरसाठी इंट (पूर्णांक) आणि डबल (दशांश संख्या) असे दोन दावेदार उभे राहतात आणि प्रोग्रॅम कंपाइल होत नाही. कोनी कंसात डबल असे स्पष्ट लिहिले, की अनुमानाची गरजच उरत नाही आणि २९ चे नेहमीच्या नियमाने रूपांतर होते.

येथे कंपायलर निदान तक्रार तरी करतो. खरा घोटाळा होतो तो गुपचूप गळणाऱ्या माहितीमुळे. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी ही ९ स्थानकांची नावे एका अ‍ॅरेत (ओळीने ठेवलेल्या मूल्यांच्या संचात) असतील आणि टेम्प्लेट आपला पॅरामीटर मूल्याने, म्हणजे प्रत करून, घेत असेल, तर हाती केवळ पहिल्या घटकाचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) येतो आणि ९ हा आकडा प्रकारातून नाहीसा होतो. पॅरामीटर रेफरन्सने, म्हणजे मूळ वस्तूचेच दुसरे नाव म्हणून, घेतल्यास अ‍ॅरे अ‍ॅरेच राहतो, आणि आकारासाठी वेगळा टेम्प्लेट पॅरामीटर ठेवला असेल, तर ९ ही संख्याही अनुमानानेच मिळते. कॉन्स्ट, म्हणजे ‘हे मूल्य बदलू नये’ ही खूण, हिचेही असेच आहे: मूल्याने घेताना नवी प्रत तयार होते, मूळ वस्तूला धक्का लागण्याची भीती नसते, म्हणून बाहेरचे कॉन्स्ट गळते, रेफरन्स मूळ वस्तूलाच हात घालतो, म्हणून तेथे ते राखले जाते.

सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकातील ‘ऑटो’ (चलाचा प्रकार कंपायलरनेच ठरवावा, असे सांगणारा शब्द) बहुतांशी हेच नियम पाळतो. महिरपी कंसातील यादी मात्र तो इनिशियलायझर लिस्ट (सुरुवातीच्या मूल्यांची यादी) म्हणून स्वीकारतो, तर साधा ‘टी’ तिच्यापुढे अडतो. २०१७ पासून क्लास टेम्प्लेटलाही (प्रकार मोकळा ठेवून लिहिलेल्या क्लासलाही) अनुमान लागू झाले. तरी स्थानकांची नावे अवतरणचिन्हांत लिहून थेट व्हेक्टर या यादीसारख्या क्लास टेम्प्लेटला दिली, तर घटकांचा प्रकार स्ट्रिंग नव्हे, कॉन्स्ट कॅरॅक्टर पॉइंटर ठरतो.