परक्या घोड्यावरचा पोलो

पोलो खेळणारा माणूस आज परदेशी निघतो तेव्हा सामानात हेल्मेट, बूट आणि गुडघ्यांवर बांधायचे पॅड एवढंच असलं तरी चालतं. घोडा यजमानाचा असतो. मॅलेट, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, तीही बहुधा तिथलीच, कारण तिची लांबी घोड्याच्या उंचीवर ठरते. साधारण ५० ते ५४ इंचांतली कोणती लागेल ते घोडा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अनोळखी देशात, अनोळखी जनावरावर, नव्याने भेटलेल्या तीन साथीदारांबरोबर मैदानात उतरता येतं, ही सोय घडवायला शंभरेक वर्षं लागली.

खेळ तसा फार जुना. कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान, म्हणजे पोलोचं जुनं रूप, खेळताना घोड्यासह कोसळून मरण पावला. इराणमधल्या इस्फहानच्या नक्श-ए-जहाँ चौकातले गोलचे दगडी खांब अजून उभे आहेत. पण प्रत्येक मुलखाची रीत निराळी होती. उत्तर पाकिस्तानातल्या शंदूर खिंडीत गिलगिट आणि चित्रालचे संघ आजही अंपायरशिवाय खेळतात. असा खेळ पाहुण्याला सहजी खेळता येत नाही.

आजचा पोलो निघाला तो मणिपूरच्या सगोल कांगजेइ या घोड्यावरच्या पारंपरिक खेळातून. तिथल्या लोकांचा खेळ पाहून जोसेफ शेरर आणि रॉबर्ट स्ट्युअर्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी चहामळेवाल्यांना सोबत घेतलं आणि १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला. १८६२ मध्ये कलकत्त्यात क्लब झाला, १८७० च्या सुमारास लंडनजवळच्या हाउन्स्लोला घोडदळाच्या दोन पलटणींचा सामना झाला. १८७५ मध्ये अर्जेंटिना, १८७६ मध्ये न्यूयॉर्क. इतक्या झपाट्याने तो पसरला याचं कारण साधं आहे: जिथे गेला तिथे छावणीत किंवा गुरांच्या कुरणावर घोडे होतेच. मणिपूरच्या स्वारांचं श्रेय मात्र या सांगण्यात नेहमी मागे पडतं, आणि ते मला खटकतं.

मोठ्या सामन्यांची गोष्ट वेगळी. तिथे घोडे जहाजातून न्यावे लागत. इंग्लंड-अमेरिका वेस्टचेस्टर चषक १८८६ मध्ये सुरू झाला. १९२२ मध्ये अर्जेंटिनाच्या संघाने आधी इंग्लंडची आणि मग अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. १९३३ मध्ये जयपूरचे महाराजा सवाई मानसिंग यांचा संघ इंग्लंडला गेला आणि त्या मोसमातल्या साऱ्या प्रमुख स्पर्धा जिंकून आला. अशा दौऱ्यात घोड्यांबरोबर त्यांची निगा राखणारे मोतद्दार, दाणावैरण, खोगिरं, सगळंच जाई. अरुंद ठाणावर आठवडेच्या आठवडे उभं राहून घोड्याचे पाय आखडत आणि अंग उतरे. ते भरून यायला पुन्हा वेळ द्यावा लागे. हे फक्त संस्थानिकांना, पलटणींना आणि बड्या जमीनदारांना परवडणारं होतं. अर्जेंटिनावाले दौरा संपल्यावर बरेचदा घोडे तिथेच विकत. खर्च निघे आणि त्यांच्या पैदाशीचं नावही होई.

एकट्या प्रवाशासाठी दार उघडलं ते हँडिकॅपने. अमेरिकेत एच. एल. हर्बर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत आणली, पुढे ती जगभर रुळली. उणे दोन ते दहा अशा आकड्यांत प्रत्येक खेळाडू मोजला जातो आणि चौघांची बेरीज ही संघाची ताकद. एक संघ आठचा आणि दुसरा पाचचा असेल, तर सहा चकरींच्या, म्हणजे ठरावीक वेळेच्या सहा डावांच्या, सामन्यात दुबळ्या संघाला सुरुवातीलाच तीन गोल मिळतात. चार चकरी असतील तर दोन. एका आकड्यावरून यजमानाला कळतं की पाहुण्याला कोणत्या सामन्यात घ्यायचं आणि कोणत्या घोड्यावर बसवायचं. खेळाला इतकी उपकारक गोष्ट दुसरी झाली नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा आधार नियमांचा. चेंडू ज्या रेषेत चालला आहे त्या रेषेचा हक्क मोडून कुणी आडवं यायचं नाही, आणि मॅलेट उजव्याच हातात धरायची. भरधाव निघालेल्या दोन स्वारांना एकमेकांची भाषा येत नसली तरी समोरचा काय करील हे ठाऊक असतं. त्यावर जीव अवलंबून असतो.

१९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय पोलो महासंघ स्थापन झाला आणि १९८७ मध्ये ब्युनॉस आयर्सला पहिली जागतिक स्पर्धा भरली. संघाच्या हँडिकॅपची बेरीज जास्तीत जास्त १४. घोडे यजमान देशाने जमवायचे, त्यांचे सारख्या ताकदीचे गट पाडायचे आणि कोणता गट कोणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आपलेच घोडे न्यायचे ठरवलं असतं, तर विलगीकरण, रोगांच्या तपासण्या आणि विमानभाडं यांमुळे कित्येक देशांना येताच आलं नसतं.

उसन्या घोड्याची अडचण राहतेच. कुणी लगामाच्या हलक्या इशाऱ्यावर वळतो, कुणाला पायाचा दाब लागतो, कुणी एका बाजूला चटकन आणि दुसरीकडे नाखुशीने फिरतो. सामन्यात चकरीगणिक घोडा बदलतो, म्हणून जाणता पाहुणा आदल्या दिवशी प्रत्येकावर थोडा वेळ चेंडू मारून बघतो आणि मोतद्दाराला नीट विचारून घेतो. यजमानही आपला सर्वांत समजूतदार घोडा पाहुण्याच्या पहिल्या चकरीला देतो.