बारावीला कॉम्प्युटर नव्हता? तरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग खुलं आहे

अकरावीला बायफोकल (व्यवसायाभिमुख) कॉम्प्युटर सायन्स घेतलं नाही तर पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दार बंद, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्रात बी.ई./बी.टेक.साठी भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, आयटी, कॉम्प्युटर सायन्स यांपैकी कोणताही चालतो.

घोळ होतो तो टक्क्यांत. ४५ टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०) हवेत ते या तीन विषयांत मिळून, म्हणजे ३००पैकी १३५. भाषांचे गुण इथे कामाला येत नाहीत. आणि रसायनशास्त्र सोडणाऱ्यांनो, जरा थांबा: सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात २००पैकी ५० गुण त्याचेच असतात. उरलेले १०० गणिताचे, ५० भौतिकशास्त्राचे. प्रोग्रामिंगचा प्रश्न एकही नाही.