ब्रिटनमध्ये सेन्सर तंत्रज्ञानात पीएचडी: अर्ज, कागदपत्रं आणि तुमच्या कामावर देखरेख कोणाची

ब्रिटनमध्ये सेन्सर तंत्रज्ञानात पीएचडी करायची तर दोन वाटा आहेत. पहिली नेहमीची: एखाद्या प्राध्यापकांशी बोलायचं आणि त्यांच्या विभागात प्रवेश घ्यायचा. दुसरी ‘सेंटर फॉर डॉक्टरल ट्रेनिंग’ची, म्हणजे सीडीटीची. इथे विद्यार्थ्यांची अख्खी तुकडी निवडली जाते, सुरुवातीला सगळे एकत्र शिकतात आणि मग आपापल्या प्रयोगशाळेत जातात. अभियांत्रिकी आणि भौतिक विज्ञानांतल्या सीडीटींना निधी देणारी मुख्य सरकारी संस्था ईपीएसआरसी. २०१८ पासून ती यूकेआरआय या संशोधनाला निधी देणाऱ्या ब्रिटनच्या मध्यवर्ती संस्थेचा भाग आहे. केंब्रिज विद्यापीठातलं सेन्सर सीडीटी २०१४ मध्ये सुरू झालं. तिथला आराखडा एक अधिक तीन वर्षांचा: आधी एमआरेस, म्हणजे संशोधनावर भर असलेली एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी.

एक गोष्ट आधीच तपासा. सीडीटींना निधी फेऱ्यांनी मिळतो आणि एका फेरीतून ठरावीक तुकड्याच घेता येतात. मार्च २०२४ मध्ये अशी ६५ केंद्रं जाहीर झाली. एखादं जुनं केंद्र चालू दिसतं, विद्यार्थीही काम करत असतात, पण नवे प्रवेश बंद झालेले असतात. म्हणून पहिल्या ईमेलमध्ये विचारायचा प्रश्न हाच: या वर्षी नवी तुकडी घेणार आहात का?

पात्रता आणि पैसे

शैक्षणिक अट साधारणपणे ब्रिटिश पद्धतीच्या पदवीत ‘फर्स्ट’ (सर्वोच्च) किंवा ‘टू-वन’ (त्याखालोखालच्या) दर्जाची असते. भारतीय टक्केवारी किंवा सीजीपीए त्यात कुठे बसतो, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं, त्यामुळे त्याच विद्यापीठाचा तक्ता बघा. विषयाबाबत मात्र दार चांगलं उघडं आहे. इलेक्ट्रॉनिक्स, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, केमिकल इंजिनीअरिंग, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र यांपैकी कुठूनही येता येतं, कारण एकच सेन्सर बनवायला यातली दोन-तीन शास्त्रं लागतातच.

२०२१-२२ पासून यूकेआरआयच्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात, पण एका वर्षाच्या तुकडीत त्यांचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतं. शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या दराने धरलेलं असतं आणि वर स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चासाठीची रक्कम. २०२५-२६ साठी किमान स्टायपेंड २०,७८० पौंड आहे. जागा थोड्या असल्यामुळे निधीसकट प्रवेशाची मुदत लवकर संपते, बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीतच.

कागदपत्रं

पदवीची गुणपत्रकं किंवा ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, संशोधनात रस का आहे हे सांगणारं निवेदन, इंग्रजी चाचणीचा निकाल आणि बहुधा दोन शिफारसपत्रं. शिफारसपत्र विभागप्रमुखांकडूनच हवं असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो सोडा. ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलं आहे, त्यांचं पत्र जास्त वजनदार ठरतं.

देखरेख कोणाची?

अर्ज करणारे सगळ्यात कमी विचारतात तो हा भाग, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सेन्सरचं संशोधन एका विभागात मावत नाही. रक्तातला एखादा रेणू ओळखणारा सेन्सर बनवायचा तर पृष्ठभागाचं रसायन एका प्रयोगशाळेत होतं, सर्किट दुसऱ्या विभागात आणि चाचणी तिसऱ्याच इमारतीत. दोन मार्गदर्शक असतात आणि दोघांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. अशा वेळी तुमची प्रगती कोण तपासतं आणि मतभेद झाला तर शब्द कोणाचा, हे कागदावर असलं पाहिजे.

केंब्रिजचं उदाहरण घेऊ. रोजचं मार्गदर्शन मुख्य सुपरवायझरकडे, जोडीला एक अ‍ॅडव्हायझर. सुपरवायझर तुमच्या प्रगतीचे अहवाल विद्यापीठाच्या प्रणालीत नियमित नोंदवतात आणि ते तुम्हालाही दिसतात. ते वाचत जा. पुढे कधी वाद झाला तर हीच लेखी नोंद कामाला येते. या सगळ्यावर ‘डिग्री कमिटी’ असते. प्रवेशाची शिफारस, पहिल्या वर्षाचं मूल्यमापन, परीक्षकांची नेमणूक हे सारं तिच्याकडून जातं. कॉलेजमधला ट्यूटर या साखळीच्या बाहेरचा असतो. आजारपण, पैशांची अडचण, सुपरवायझरशी न पटणं, हे त्यांच्याशी बोलता येतं.

पीएचडीची नोंदणी सुरुवातीला परिविक्षेवर असते. पहिल्या वर्षाचा अहवाल लिहायचा, सुपरवायझर सोडून इतर परीक्षकांसमोर तोंडी उत्तरं द्यायची आणि मगच नोंदणी पक्की होते. एक अधिक तीनच्या आराखड्यात त्याआधी एमआरेस उत्तीर्ण व्हावं लागतं. म्हणजे दोन टप्प्यांवर तुम्हाला थांबवलं जाऊ शकतं. मुलाखतीत विचारून घ्या: एमआरेसला किती गुण लागतात, मार्गदर्शक बदलता येतो का, दुसरा मार्गदर्शक वेगळ्या विभागातला असेल तर डिग्री कमिटी कोणती. उद्योगातला भागीदार असेल तर मोजमापांच्या डेटाचे हक्क कोणाकडे आणि शोधनिबंध छापायला किती थांबावं लागेल, हेही विचारा. माणसांच्या अंगावर लावायचे सेन्सर असतील तर नीतिसमितीची मंजुरी लागते. तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरलेला नसेल तर शेवटचं वर्ष आखडतं.

प्रबंधाची तोंडी परीक्षा किमान दोन परीक्षक घेतात, त्यांतला निदान एक विद्यापीठाबाहेरचा. तुमचे सुपरवायझर परीक्षक नसतात.

व्हिसाआधीची पायरी

भारतीय विद्यार्थ्यांना अशा विषयांसाठी सहसा एटीएएस प्रमाणपत्र लागतं. लष्करी वापर होऊ शकणाऱ्या ज्ञानावर नजर ठेवणारी ही सरकारी परवानगी आहे आणि सेन्सर त्या कक्षेत सहज येतात. अर्ज ऑनलाइन आणि मोफत. संशोधनाचा मजकूर विद्यापीठ देतं, तो जसाच्या तसा भरायचा. काही आठवडे लागतात, उन्हाळ्यात जास्त. त्यानंतर विद्यापीठाचं ‘कास’ (व्हिसासाठी लागणारी प्रवेशनिश्चितीची नोंद), टीबी चाचणीचं प्रमाणपत्र आणि विद्यार्थी व्हिसा.

इथे देखरेखीचा संबंध पुन्हा येतो. एमआरेसनंतर पीएचडीसाठी, किंवा मधेच संशोधनाची दिशा बदलल्यास, नवं एटीएएस घ्यावं लागू शकतं. म्हणून विषय बदलताना सुपरवायझरचा तोंडी होकार पुरेसा समजू नका. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा.

तक्रार करायची वेळ आली तर आधी विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण करावी लागते. ती संपल्याचं पत्र मिळतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या विद्यापीठांबाबत त्या पत्रापासून १२ महिन्यांच्या आत ओआयए या स्वतंत्र लवादाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मात्र शैक्षणिक गुणवत्तेचा निर्णय ओआयए बदलत नाही. प्रक्रिया नियमाप्रमाणे झाली का आणि विद्यापीठाचा निर्णय रास्त होता का, हे ते पाहतात.