बासेलचा फास्नाख्त

स्वित्झर्लंडच्या वायव्य टोकाला, ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या बासेल शहराचा हिवाळा सरताना येणारा पारंपरिक उत्सव. ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी लागतो त्या राखेच्या बुधवारानंतरच्या सोमवारी पहाटे बरोबर ४ वाजता तो सुरू होतो आणि गुरुवारी पहाटे ४ ला संपतो. पुरते ७२ तास. बासेलकर आपल्या बोलीत याला 'सर्वांत सुंदर तीन दिवस' म्हणतात. सुमारे १८ ते २० हजार जण सोंगे घेऊन त्यात उतरतात. डिसेंबर २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. कोकणातल्या माणसाला बासेल हे नाव अगदीच परके नसावे: मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळुरात काढणारे बासेल मिशन याच शहरातले.

तारखेची गंमत आधी सांगायला हवी. कार्निव्हल म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ लागण्यापूर्वीची चैन. पणजीत किंग मोमोची मिरवणूक निघते ती राखेच्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी, आणि मंगळवारी सारे आटोपते. बासेलमध्ये मात्र उपवास लागून पाच दिवस उलटल्यावर ढोल घुमू लागतात. याचे मूळ १०९१ च्या बेनेव्हेंतोच्या धर्मसभेत असल्याचे सांगितले जाते. त्या सभेने रविवार उपवासातून वगळले आणि ४० दिवस भरून काढण्यासाठी उपवासाचा आरंभ आधी आणला. बासेलने जुनी तारीख सोडली नाही. पुढे १५२९ मध्ये शहर प्रॉटेस्टंट झाले. उपवास गेला, पण उपवासाआधीची चैन राहिली. नगरपरिषदेने त्यावर वारंवार बंदी घातली. एकच बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते, तेव्हा ती कोणी पाळत नव्हते असेच समजायचे.

सर्वांत जुना उल्लेख रक्तरंजित आहे. १८ ऑक्टोबर १३५६ च्या भूकंपात शहर कोसळले, जळाले, आणि त्याआधीची दप्तरेही गेली. त्यानंतरची पहिली ठळक नोंद १३७६ ची, 'दुष्ट फास्नाख्त' या नावाची. ऑस्ट्रियाचा ड्यूक तिसरा लिओपोल्ड याच्या सरदारांनी कॅथेड्रलसमोरच्या चौकात घोडेस्वारीचे सामने भरवले, नागरिक चिडले आणि दंगल पेटली. काही सरदार मारले गेले, त्याबद्दल नागरिकांची मुंडकी उडाली आणि शहरावर पवित्र रोमन साम्राज्याचा बहिष्कार पडला. आजच्या उत्सवाचे रूप मात्र बरेचसे १९व्या शतकात घडले. लष्करी कवायतीतून ढोल आणि पिकोलो ही छोटी आडवी बासरी आली. आगीच्या भीतीने मशाली बंद झाल्या आणि त्यांच्या जागी कंदील आले. १९१० मध्ये नियोजनासाठी 'कोमिते' स्थापन झाली. तांबे, चांदी आणि सोन्याच्या रंगाचे बिल्ले ती १९११ पासून विकते आणि त्या पैशांतून पथकांना अनुदान मिळते.

सोमवारची पहाट, म्हणजे 'मोर्गेश्ट्राइख', हा उत्सवाचा गाभा. मुंबई-पुण्याचा माणूस गणपतीत रोषणाई वाढवतो. इथे वीजकंपनी चारच्या ठोक्याला जुन्या शहरातले रस्त्यावरचे सगळे दिवे घालवते. गच्च गर्दी, कडाक्याची थंडी, क्षणभर मिट्ट काळोख. मग प्रत्येक पथकाचा नायक एकच आज्ञा देतो, 'मोर्गेश्ट्राइख, पुढे, चला!', आणि सारी पथके एकच कवायती धून वाजवत चालू लागतात. उजेड असतो तो वादकांच्या डोक्यावर बांधलेल्या छोट्या कंदिलांचा आणि प्रत्येक पथकाच्या मोठ्या कंदिलाचा: लाकडी सांगाड्यावर ताणलेले, रंगवलेले, आतून उजळलेले कापड, माणसाच्या दुप्पट उंचीचे. हे मोठे कंदील सोमवारी संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत त्याच कॅथेड्रलच्या चौकात प्रदर्शनाला मांडतात. पहाटेच्या मिरवणुकीनंतर उपाहारगृहांत भाजलेल्या पिठाचे सूप आणि कांद्याची वेहे, म्हणजे सारण घालून भाजलेली खारी पेस्ट्री, खायची रीत आहे.

ढोल म्हटला तरी तो आपल्या ढोलापेक्षा ताशाला जवळचा, दोन काठ्यांवर कडकडणारा. हे वादन ही अनेक वर्षांच्या शिक्षणाने येणारी विद्या आहे. शेजाऱ्यांची झोप जाऊ नये म्हणून सराव ढोलाऐवजी पाटीवर करतात.

प्रत्येक पथक वर्षातली एखादी घटना 'सूजे', म्हणजे विषय, म्हणून निवडते आणि तिची टर उडवते. तो विषय कंदिलावर रंगवलेला असतो, वेषात असतो आणि बासेलच्या बोलीतल्या पद्यांच्या लांबट चिठ्ठ्यांतून वाटलाही जातो. रात्री खानावळींत 'श्निट्झेलबांक' गायक चित्रे दाखवत खोचक कडवी म्हणतात. आपल्या शिमग्यातली सोंगे आठवावीत, फक्त इथे नेम बहुधा सरकारवर असतो. सोमवारी व बुधवारी दुपारी मोठी मिरवणूक असते, मंगळवार मुलांचा आणि संध्याकाळी बेसूरपणाची हौस असलेल्या 'गुगे' ब्रास बँडांचा. सर्वांत वात्रट पात्र 'वागिस': प्रचंड नाक, निळा सदरा, लाकडी खडावा, मूळची शेजारच्या फ्रान्समधल्या आल्झासच्या शेतकऱ्याची टिंगल. तो गाडीवरून संत्री नि फुले वाटतो, आणि बिल्ला न लावलेला दिसला की मूठभर 'रेपली', म्हणजे कागदी कपटे, थेट मानेत कोंबतो. ही रेपली एका पुडीत एकाच रंगाची असते. मिश्र रंगाची दिसली तर ती जमिनीवरून उचललेली, असा संशय घ्यावा.

मुखवटा वाजवणाऱ्यांचा, प्रेक्षकांनी तोंडे रंगवून येणे इथे अडाणीपणाचे समजतात. हा कडवेपणा नेहमी गोड नसतो. काही जुन्या पथकांची मुख्य तुकडी अजून फक्त पुरुषांची आहे, आणि २०१८ मध्ये एका गुगेच्या नाव-चिन्हावरून वर्णद्वेषाचा जोरदार वाद झाला.

२०२० मध्ये २ मार्चला सुरू व्हायचा उत्सव तीन दिवस आधी रद्द करावा लागला: २८ फेब्रुवारीला स्विस सरकारने करोनामुळे १,००० हून मोठ्या कार्यक्रमांवर बंदी घातली. कंदील रंगून तयार होते, विषय ताजे होते. २०२१ ही कोरडे गेले. २०२२ मध्ये पथके फिरली, पण दुपारच्या नियोजित मिरवणुकांविना.

गुरुवारी चारला पथके शेवटची धून वाजवून थांबतात. त्यानंतरच्या तीन रविवारी ती पुन्हा एकत्र येतात, साध्या कपड्यांत, मुखवट्याशिवाय, आणि दिवसभर भटकून संध्याकाळी फ्राये श्ट्रासे या मुख्य रस्त्यावरून वाजवत जातात. याला 'बुमेल', म्हणजे फेरफटका, म्हणतात. गेल्या आठवड्यात मुखवट्याआडून कोणी आपली खिल्ली उडवली, ते बासेलकरांना इथे दिसते.