अंटार्क्टिकाचा सातबारा कोणाच्या नावावर?

जळगावात दुपारी कूलरसमोर बसलो होतो आणि गावाच्या ग्रुपवर फॉरवर्ड पडला, 2048 ला अंटार्क्टिकाचा करार संपतोय, मग जो जाईल त्याची जमीन. खाली काकांचं लगेच, "चल भो, दोन एकर धरून ठेवू."

तर करार संपत नाहीये. 1959 ला 12 देशांनी सह्या केल्या, 1961 पासून लागू झाला, मुदतच नाही त्याला. 2048 हा आकडा खाणबंदीच्या माद्रिद प्रोटोकॉलचा, तो 1998 ला लागू झाला आणि 50 वर्षांनंतर फेरविचाराची बैठक मागता येते, एवढंच.

खरी गंमत आहे 1959 च्या कराराच्या कलम 4 मध्ये. सात देशांचे तिथं जुने दावे आहेत, त्यात आर्जेंटिना, चिली आणि ब्रिटनचे तुकडे एकमेकांवर चढलेत, म्हणजे बांधाचं भांडणच. आपल्याकडं अशा वादात माणूस काय करतो, कपाशी लावतो, विहिरीवर मोटर बसवतो, कारण उद्या कोर्टात वहिवाट दाखवता येते. कलम 4 नेमकी ही वहिवाटच कापतं. करार चालू असेपर्यंत तळ बांधा, झेंडा रोवा, पोस्ट ऑफिस काढा, काहीच हक्काचा पुरावा धरला जाणार नाही, नवा दावा करायचा नाही, जुना वाढवायचा नाही. पण सही केली म्हणून जुना दावा सोडला असंही नाही, आणि समोरच्याने सही केली म्हणून त्याला तुमचा दावा मान्य आहे असंही नाही! सगळ्यांचं भांडण आहे तिथंच गोठवलंय. 1978 ला आर्जेंटिनाच्या एस्पेरांझा तळावर बाळ जन्मलं, अंटार्क्टिकावरचं पहिलं, पण त्यानं दाव्यात इंचभर फरक पडला नाही. तिथल्याच मेरी बर्ड लँड या भागावर तर कोणाचाच दावा नाही, तरी करारातल्या देशाला आता ती मागता येत नाही.

(करार म्हणजे सपाट पृथ्वीच्या कडेची बर्फाची भिंत लपवायचा डाव म्हणणारेही आहेत, त्यांनी तिथं दरवर्षी जाणारी टुरिस्ट जहाजं बघावी.)

भारत 1983 ला करारात आला, मैत्री आणि भारती हे आपले तळ चालू आहेत, दावा काही नाही. आणि 2022 च्या आपल्याच कायद्यानं मोहिमेला परमिट लागतं.

हे सगळं टाइप केल्यावर काकांचा रिप्लाय, मग उत्तर ध्रुव? काका, तिथं जमीनच नाही, समुद्रावर तरंगणारा बर्फ आहे, 1982 चा समुद्र कायदा चालतो, कपाशी कुठं लावणार?