थायरॉइडच्या छोट्या गाठी: कोरियाची घाई, जपानची प्रतीक्षा

थायरॉइडची गाठ बोटांना लागेपर्यंत पूर्वी कुणाला कळतही नसे. एकोणिसाव्या शतकातल्या शस्त्रक्रिया मुख्यतः श्वास अडवणाऱ्या गलगंडासाठी होत. सुईने पेशी काढून तपासण्याची पद्धत स्वीडनमधून पसरली आणि नुसत्या संशयापोटी मान उघडणे कमी झाले. मग सोनोग्राफी आली, आणि चार-पाच मिलिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या.

खरे तर इशारा १९८५ मध्येच मिळाला होता. फिनलंडमध्ये शवविच्छेदनात थायरॉइडच्या बारीक चकत्या करून पाहिल्या, तेव्हा ३५.६ टक्के ग्रंथींत पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, सापडला. या माणसांना तो हयातीत जाणवलाही नव्हता.

दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हतीच. पण रुग्णालये थोडे जादा पैसे घेऊन मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले, त्या एका वर्षात चाळीस हजारांवर निदाने. मृत्यूदर मात्र होता तिथेच राहिला. निदान झालेल्या जवळजवळ सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली, बहुतेकांची पूर्ण ग्रंथी गेली. त्यांच्यापैकी सुमारे ११ टक्क्यांना कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींची इजा भोवली आणि २ टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा झाला. जन्मभराच्या गोळ्या वेगळ्याच.

२०१४ मध्ये काही डॉक्टरांनी, लक्षणे नसताना ही सोनोग्राफी करू नका, असे जाहीर आवाहन केले. शल्यचिकित्सकांचा विरोध तीव्र होता: मृत्यू कमी आहेत ते लवकर उपचार होतात म्हणूनच, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद टिकत नाही. लवकर काढल्याने जीव वाचत असते, तर इतक्या हजारो शस्त्रक्रियांनंतर मृत्यूदर खाली यायला हवा होता. आवाहनानंतर वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या.

तरीही काही गाठी पसरतात, हे नाकारता येत नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर जपानने शोधले. कोबेच्या एका रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची चिन्हे नसलेल्या पॅपिलरी कॅन्सरच्या रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेखीचा पर्याय दिला. बाराशेहून अधिक रुग्णांच्या नोंदींत दहा वर्षांत सुमारे ८ टक्क्यांची गाठ तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढली, ३.८ टक्क्यांच्या लसिकाग्रंथींत आजार दिसला. अशांपैकी अनेकांची नंतर शस्त्रक्रिया झाली. या कॅन्सरने कुणी दगावले नाही. वाढ तरुणांत जास्त आणि साठीपुढे कमी होती, हेही तिथेच कळले.

२०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी एक सेंटिमीटरखालच्या गाठीत सहसा सुई घालू नये असे म्हटले, आणि कमी धोक्याच्या चार सेंटिमीटरपर्यंतच्या कॅन्सरला अर्धी ग्रंथी काढणेही पुरेसे मानले. आपल्या देशात तिरुवनंतपुरममधल्या थायरॉइड कॅन्सरच्या नोंदी इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि तिथेही कोरियासारखेच अतिनिदान, म्हणजे कधीच त्रास न देणाऱ्या गाठींचेही निदान, होत असल्याची शंका अभ्यासकांनी मांडली आहे.